तिसऱ्या स्टेजची जोडी

मी आयुष्यात पहिल्यांदा जे लिहिलं आणि लोकांनी वाचलं, ते एका प्लायवुडच्या फळीवर, खडूनं. पुढं मी शाळेत मराठी शिकवलं, दोन-चार पुस्तकं लिहिली, नारळ आणि शाली घेतल्या, पण त्या फळीला जेवढे वाचक मिळाले तेवढे नंतर कधी मिळाले नाहीत. ती फळी कोपरगावात स्टँडच्या मागच्या गल्लीत, आमच्या दादांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात, दोन मशिनींच्या मधोमध टांगलेली असायची. त्या फळीवर मी एके दिवशी दोन माणसांची नावं लिहिली. ती का लिहिली आणि पुढं काय झालं, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा अर्धंच सांगितलंय. आता पन्नाशीला टेकले, गुडघे कुरकुरायला लागले, म्हटलं सांगून टाकावं.

दादा म्हणजे माझे वडील. आधी त्यांची कॅसेटची लायब्ररी होती. मग गल्लीत केबल आली आणि कॅसेटी फळ्यांवर बुरशी धरून बसल्या. दादा हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. मालेगावच्या कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी दोन जुन्या मशिनी टेम्पोत घालून आणल्या, कपाटाएवढ्या उंच, पुढं काच, खाली हँडल आणि सहा बटणं. आईनं कपाळावर हात मारला. "पोरं बिघडवायचं दुकान काढलं का तुमी?" ती म्हणाली. दादा शांतपणे मशिनीच्या मागची वायर लावत म्हणाले, "पोरं बिघडायचीच असली तर उसात बसून पत्ते कुटत बिघडतील. हितं निदान सावलीत बिघडतील." झालं, आईचं म्हणणं तिथंच संपलं. दुकानाच्या मागंच आमचं घर, मधे एक दार आणि दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. त्यामुळं मशिनीचा आवाज म्हणजे आमच्या घराचाच आवाज झाला. पुढं ढिश्श ढिश्श आणि मागं आईच्या भाकरी थापण्याचं थप थप. साखर कारखाना सुरू असला की मळीचा वास सगळ्या गावावर असायचा, तो दुकानातही यायचा. आजही कुठं मळीचा वास आला की मला ती बटणं बडवल्याचा आवाज ऐकू येतो.

आता फळीचं सांगते. मशिनीतल्या माणसांची खरी नावं आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हती. पडद्यावर अक्षरं यायची ती कुठल्या देशाची, देव जाणे. मग पोरंच नावं ठेवायची आणि त्यावरून भांडायची. एक म्हणायचा टकल्या, दुसरा म्हणायचा पैलवान, आणि खेळ राहायचा बाजूला. शेवटी दादांनी फळी टांगली आणि ठरवून टाकलं, की फळीवर जे नाव लिहिलंय तेच नाव, बाकी सगळी बाद. लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि शाळा सुटल्यावर दादा जेवून आडवे झाले की गल्ल्यावर मीच बसायची. पोट सुटलेल्या, सिगार ओढणाऱ्या डॉनचं नाव मी 'ठेकेदार' ठेवलं. चाबूक फिरवणाऱ्या बाईचं 'मुकादमीण'. अख्खं दुकान हसलं होतं. नवीन नाव लिहिलं की पोरं सायकली लावून वाचायला यायची, आणि दुसऱ्या दिवशी ते नाव शाळेत, तालमीत, नदीच्या घाटावर पोचलेलं असायचं. नववीतल्या पोरीला याहून मोठा मान कुठला? मी लई भाव खायची, कबूल आहे.

माझं अक्षर चांगलं होतं त्याचं श्रेय दानिएल सरांना. आमच्या समोरच्या घराच्या माडीवर दोन खोल्यांत ते राहायचे, ते आणि रघूकाका. सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. बारीक अंगाचे, चष्म्याचे, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. त्यांचे वडील नगरजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळं सरांच्या बोलण्यात शुद्धपणा होता आणि दर रविवारी ते चर्चला जायचे. रघूकाका कारखान्यात फिटर. ते डोंगरातले, राजूरकडचे. दरवाजा भरेल एवढा देह, झुपकेदार मिशा, आवाज असा की माडीवरून हाक मारली तर स्टँडवरचा कंडक्टर वळून बघायचा. सर मला संध्याकाळी फुकट शिकवायचे आणि पाटीवर खडूनं एकेक ओळ वीस वेळा गिरवून घ्यायचे, इंग्रजीही आणि मराठीही. मी कंटाळले की काका स्वयंपाकाच्या खोलीतून ओरडायचे, "सोड की रं लेकराला, तिला काय कलेक्टर करायचंय व्हय?" सर न बघता म्हणायचे, "तुम्ही रस्सा बघा." आणि काका मुकाट रस्सा बघायचे.

दोघं बिनलग्नाचे, दोघं एकत्र राहतात, याचं गावाला काही नव्हतं. गाव असल्या गोष्टीला स्वतःच उत्तर तयार करतं. कुणी म्हणायचं, दोघं मिळून राहिले की भाडं परवडतं. कुणी म्हणायचं, सरांचं कुणावर तरी प्रेम होतं, ती गेली. शेजारच्या मावशी तर सरांसाठी संगमनेरची एक नर्सबाई बघून आल्या होत्या. मला एवढंच माहीत होतं, की काकांची पाळी सुटायच्या वेळेला सर गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे आणि मग काकांची सायकल हातात धरून दोघं चालत यायचे. बोलतही नसायचे फारसे. बाजारात वांगी काका निवडायचे, पिशवी सर धरायचे.

आमच्या आणि त्यांच्या घरात एक कडीचा स्टीलचा डबा ये-जा करायचा. आईची हुलग्याची शेंगोळी काकांना भारी आवडायची. लसूण-मिरचीचा ठेचा घातलेलं ते दाट कालवण केलं की आई पहिला डबा भरून माझ्याकडं द्यायची. "वरच्यांना देऊन ये, गरम हाय तोवर." आणि डबा परत येताना कधी रिकामा यायचा नाही. नाताळात करंज्या, श्रावणात काकांच्या गावाकडचा तांदूळ, काहीच नसलं तर मूठभर साखर. रिकामं भांडं परत करणं म्हणजे आमच्याकडं नातं तोडल्यासारखं मानतात. आई तर त्यावरून माणसं जोखायची. वरच्या दोघांना तिनं पहिल्या नंबरात बसवलं होतं.

त्या वर्षी उसाचा हंगाम ऐन भरात असताना मालेगावचा मेकॅनिक आला आणि एका मशिनीत नवा गेम टाकून गेला. रस्त्यावरून चालायचं, येईल त्याला बडवायचं, असाच तो होता. पण तिसऱ्या स्टेजला एक जोडी यायची. एक आडदांड मिशीवाला, एक बारीक. दोघांच्या अंगात गुलाबी घट्ट पँटी, मनगटं लुळी पडलेली, कमरेत लचकत चालायचे. लढायच्या आधी आपल्याला मुके फेकायचे. एकाला लाथ मारली की तो किंचाळून दुसऱ्याच्या गळ्यात पडायचा. आणि एक जण मेला, की दुसरा गुडघ्यावर बसून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, दोन्ही हात वर करून भोकाड पसरायचा. त्या रडण्याचा आवाज मुद्दाम चिरका, हसू यावं असाच केलेला होता. तो रडत असतानाच त्याला मारायचं. त्या वेळी तो हात उचलत नसे, म्हणून ते सोपं. पोरं त्या रडण्याची वाट बघत बसायची. रडायला लागला की दुकानात एकच हशा उठायचा, आणि मी गल्ल्यावरून मान उंच करून बघायची.

जोडीला नाव काय द्यायचं म्हणून पोरं मागं लागली. मी फार विचार केला नाही. एक मिशीवाला, एक बारीक, कायम दोघं बरोबर. मी स्टुलावर चढले आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'काका आणि सर'.

जो काही हशा झाला, तसा मी त्या दुकानात त्याआधी ऐकला नव्हता. विन्या म्हणून कॉलेजात जाणारा एक पोरगा होता, मामाकडं मुंबईला राहून आलेला. तो तर पोट धरून खाली बसला. "पमे," तो म्हणाला, "तुला कळलं तरी का, काय लिवलं ते?"

"कळायला काय झालं?" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"न्हाई कळलं हिला," तो बाकीच्यांना म्हणाला, "पन बरोबर लिवलं." आणि परत हसायला लागला.

आता इथं मला थोडं थांबायला हवं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मला काही माहीत नव्हतं, लहान होते, गंमत केली. ते खरंच आहे. दोन पुरुषांचं एकमेकांवर नवरा-बायकोसारखं प्रेम असू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या मशिनीत तेच दाखवलंय हेही मला कळलं नव्हतं. पण हे दोघं हसण्यासाठी ठेवलेत, एवढं मला पक्कं कळलं होतं. आणि हसण्यासाठी ठेवलेल्या दोघांना मी माझ्या दोघांची नावं दिली, कारण मला टाळ्या हव्या होत्या. दादांनी उठल्यावर फळी वाचली, कपाळाला आठी घातली. "सरांना वाईट वाटंल गं." मी म्हटलं, "गंमत हाय दादा." ते म्हणाले, "बरं," आणि दुकानात गर्दी होती म्हणून कामाला लागले. नाव फळीवर राहिलं.

आठवड्याभरात ते गावभर झालं. आमच्या वर्गात सर फळ्याकडं वळले की मागच्या बाकावरून मुक्यांचे आवाज यायला लागले. सर वळले की सगळे सभ्य. सरांनी एकदाही विचारलं नाही, कोण ते. खडूची पूड हातावरून झटकायचे आणि पुढचं वाक्य लिहायचे. काकांच्या सायकलच्या सीटवर कुणीतरी गुलाबी पावडर टाकून ठेवली. शेजारच्या मावशींनी नर्सबाईचा विषय अचानक बंद केला. तेव्हा मला थोडी भीती वाटली, पण खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही वाटली. माझं नाव गावभर चाललं होतं. मी संध्याकाळी शिकायला जायची, सर पाटीवर ओळ घालून द्यायचे, काका शेंगदाणे भाजून पुढ्यात ठेवायचे. मला वाटायचं, यांच्या कानावर काही गेलेलं नाही.

मग तो आठवडी बाजाराचा दिवस आला. आईनं मला कोथिंबीर आणायला पाठवलं होतं. काका एका वाट्यापुढं उकिडवे बसून वांगी दाबून बघत होते आणि चार पावलांवर सर पिशवी धरून उभे होते. मी त्यांना हाक मारणार, तेवढ्यात मागून एक पोरगा पळत आला. आमच्याच दुकानातला, रोजचा. त्यानं हवेत उडी घेतली आणि सरांच्या पाठीत लाथ घातली. ती लाथ मी ओळखत होते. एकदम दोन बटणं दाबली की बसते ती.

सर समोरच्या टोमॅटोंवर तोंडावर पडले. चष्मा गेला, पिशवी गेली, हात अंगाखाली दुमडला तो कडकन वाजला. मला ऐकू आला तो आवाज. काका वांगी टाकून धावले. एवढा मोठा माणूस टोमॅटोच्या चिखलात फतकल मारून बसला, त्यानं सरांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांच्या कपाळाचं रक्त सदऱ्यानं पुसायला लागला. "दानू, ये दानू, डोळं उघड की रं. माझ्याकडं बघ. दानू." आणि काका मोठ्यानं रडायला लागले. त्यांचा एरवीचा तो दांडगा आवाज रडताना बारीक झाला, फाटला.

आणि त्या पोराच्या मागून आलेली, विन्यासकट दुकानातली सगळी पोरं हसली. ओळीनं उभी राहून, पोट धरधरून. ती वाईट होती म्हणून नव्हे हो, हे मला आज जास्त भयंकर वाटतं. त्यांना हसायची जागा पाठ झाली होती. एक पडला, दुसरा डोकं मांडीवर घेऊन रडतोय, म्हणजे आता हसायचं. शंभर वेळा तिथंच हसली होती ती. आणि त्यात एक आवाज माझा होता. मी ठरवून हसले नाही. शपथेवर सांगते, पोटातून काही यायच्या आधीच तोंडातून ते बाहेर आलं. काकांनी मान वर केली. त्यांनी त्या पोराकडं बघितलं नाही, विन्याकडं बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कोथिंबिरीची जुडी हातात धरून मी तिथं उभी होते, आणि माझं तोंड अजून उघडंच होतं.

मला धक्का बसला असं लिहिणं फार सोपं आहे. झालं ते वेगळंच. काकांच्या त्या 'दानू'मध्ये मला एका क्षणात सगळं कळलं, कोपऱ्यावर उभं राहणं, सायकल धरणं, रस्सा बघणं, सगळं. आमची आई दादांना ताप भरला की असाच आवाज काढायची. हे दोघं एकमेकांचे होते, आणि हे मला त्या लचकणाऱ्या गुलाबी पँटींनी आधीच सांगितलं होतं आणि तरीही साफ खोटं सांगितलं होतं. मी कोथिंबिरीची जुडी तशीच हातात घेऊन घरी पळत आले.

आईनं विचारलं, "तू हुतीस ना बाजारात? कुनी मारलं सरांना?"

"मला न्हाई दिसलं," मी म्हटलं.

आईनं माझ्या हातातली कोथिंबीर घेतली. त्या दिवशी तिनं दूध-हळद वर पाठवली, दादांच्या हातानं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी फळी ओल्या फडक्यानं पुसली. दोनदा पुसली. पोरं आली, फळी बघितली आणि हँडल धरून म्हणाली, "आले बघ काका आणि सर, हान!" फडक्यानं फळी पुसली जाते, तोंडं कशी पुसायची? दादांना मी म्हटलं, तो गेम काढा. दादा म्हणाले, मेकॅनिक दोन म्हयन्यांनी येनार हाय, तवर काय करू? खरंतर वीज बंद करता आली असती. मीही तो खटका पाडला नाही.

शाळेच्या कमिटीनं सरांना बोलावलं. लाथ मारणाऱ्याला नव्हे, सरांना. मुलांवर वाईट परिणाम होतो, असं काहीतरी म्हणाले. परीक्षा होईपर्यंत शिकवा, मग बघू. घरमालकानं काकांना सांगितलं, आम्हाला फॅमिलीवाले पाहिजेत. आठ वर्षं तो त्यांच्याकडून भाडं घेत होता, नाताळच्या करंज्या खात होता. गावात कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी दगड मारला नाही. सगळे फक्त बाजूला झाले. मी एक वाक्य बोलू शकले असते, कमिटीपुढं नाही तर निदान सरांपुढं, की ते नाव मी लिहिलं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज दुपारी गल्ल्यावर बसायची.

अशाच एका दुपारी दोघं दुकानात आले. उन्हं कडक होती, पोरं परीक्षेच्या अभ्यासाला, दादा आत झोपलेले, दुकान रिकामं. सरांच्या हाताला प्लॅस्टर, नवा चष्मा. काका दारात थोडे घुटमळले. सर म्हणाले, "प्रमिला, आम्हाला तो खेळ बघायचाय. कसा चालू करायचा?"

मी कॉइन टाकलं. सरांचा एकच हात चालत होता, म्हणून सरांनी डाव्या हातानं हँडल धरलं आणि काकांनी बटणं. दोन माणसं मिळून एक माणूस खेळायला लागली. सर म्हणायचे, आता मारा, आणि काकांचा फिटरचा अंगठा बटणावर पडला की अख्खी मशीन हलायची. पहिल्या दोन स्टेजला त्यांचे सगळे चान्स गेले. मी न विचारता दुसरं कॉइन टाकलं, मग तिसरं. एकदा तर एक गुंड मेला तेव्हा काका खूश होऊन "अरं वा रं!" असं ओरडलेसुद्धा. मग तिसरी स्टेज लागली.

जोडी लचकत आली. मुके फेकले. काकांनी बटणावरचा हात काढला.

"हे व्हय आपन?" ते म्हणाले.

"हे," सर म्हणाले.

"मी कवा घातली रं गुलाबी पँट?" काका इतक्या मनापासून म्हणाले की सर हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. पडद्यावर ती जोडी आमच्या हिरोला बडवत होती आणि हिरो नुसता उभा होता. सर हँडल धरून त्याला बाजूनं पुढं न्यायला बघत होते. पडदा हलेना.

"पुढं का जात नाही हा?" सरांनी विचारलं.

"त्यांना मारल्याशिवाय पडदा सरकत न्हाई, सर."

"न मारता जायचा दुसरा रस्ता नाही?"

"न्हाई."

मी तो गेम हजार वेळा बघितला होता. त्यांना न मारलं तर काय होतं, हे कुणी कधी बघितलंच नव्हतं. ते आम्ही तिघांनी त्या दुपारी बघितलं. वरचे हिरोच्या जिवाचे आकडे कमी होत गेले, शून्यावर आले, आणि आमचा हिरो हात न उचलता मरून पडला. त्याच्यासाठी कुणी गुडघ्यावर बसलं नाही.

मध्यंतरी कितीतरी वर्षं मी भाचरांच्या कॉम्प्युटरवर असले खेळ डोकावून बघत राहिले. अशी जोडी आली की मला लगेच कळायचं. एक तर ती हसवायला यायची, नाही तर मरायला. त्यातला एक हटकून लाडिक, दुसरा हटकून दांडगा, आणि दोघांना दुसरं काही कामच नाही. वांगी निवडणारे, इस्त्री करणारे, पाळी सुटायची वेळ बघून कोपऱ्यावर उभे राहणारे दोघं कुणी काढलेच नाहीत. मला राग यायचा. अरे, करोडोंचे खेळ बनवता, एकदा कुणाच्या तरी घरी जाऊन जेवून तरी या! परवा भाची मोबाईलवर कसलासा शेतीचा खेळ खेळत होती. त्यात दोन बाप्ये एका घरात राहत होते, दारात झेंडू लावला होता. मी विचारलं, "यांना कधी मारायचं?" ती म्हणाली, "मावशी, यांना मारत नाहीत गं. यांच्याकडं चहाला जायचं असतं." मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला आणि त्यावर काही ठेवायचं विसरले.

त्या दुपारी मशीन परत सुरुवातीचं गाणं वाजवायला लागली. काका आधीच बाहेर गेले होते. त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, माझ्याकडं बघितलंही नव्हतं. सर निघताना फळीपाशी थांबले. पुसलेल्या फळीवर खडूची पुसट रेघ राहतेच, उन्हात तिरकं बघितलं की दिसते. त्यांनी मान तिरकी करून बघितलं.

"पहिल्या दिवशीच वाचलं होतं मी," ते म्हणाले. "तुझं अक्षर मी कुठंही ओळखेन. छान वळण आलंय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आज जरा बरी झोपले असते. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी मला माहीत असूनच पाटीवर ओळ घालून दिली होती. मी तोंड उघडलं. सर पायऱ्या उतरून उन्हात गेले.

परीक्षा संपल्या त्या आठवड्यात ते गेले. काकांनी कारखाना सोडला, राजूरकडं डोंगरात एका आश्रमशाळेत सरांना नोकरी मिळाली होती. टेम्पोत दोन ट्रंका, स्टोव्ह, सायकल. गल्लीतली दारं अर्धी उघडी होती, बाहेर कुणी आलं नाही. आमची आई मात्र पहाटे उठून शेंगोळी करत होती. तिनं डबा भरला, पदर खोचला आणि मला ओढत बाहेर घेऊन गेली. "वाटंत खा," ती काकांना म्हणाली. "डबा राहू द्या तुमच्याकडंच."

काकांनी डबा घेतला. ट्रंकेवरचं पातेलं काढलं आणि शेंगोळी त्यात ओतून घेतली, एकेक, वाया न जाऊ देता. मग समोरच्या नळावर गेले. डबा घासला, विसळला, पंच्यानं आतून-बाहेरून पुसला, झाकण लावलं, कडी अडकवली. आणि तो आईच्या हातात दिला.

"वैनी, तुमच्या हाताला तोड न्हाई," ते म्हणाले. "पन डबा ठिवून घेत न्हाई."

सर टेम्पोत बसून समोर बघत होते. टेम्पो गेला. आईनं तिथंच रस्त्यात कडी काढली आणि डब्यात बघितलं. साखरेचा दाणासुद्धा नव्हता. तिनं झाकण परत लावलं, मग मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काय केलंस गं तू त्यांना?" तिनं विचारलं.